लाईट आल्यावर

ओळ अवघी दोन शब्दांची होती, आणि ती लिहिणारा अश्फाक स्वतःच होता. ऑनबूट, मग बरोबरचं चिन्ह, मग नो. मशीन चालू झालं तरी नेटवर्क आपणहून चालू होऊ नये. कुणीतरी माणूस येईल, बघेल, आणि मग हातानं चालू करील, असा त्या ओळीचा अर्थ. तिच्या डोक्यावर त्यानंच लिहून ठेवलेलं होतं: तात्पुरतं आहे, नंतर बदलायचं. पुढं तारीख, चार वर्षांपूर्वीची. माधवनगरच्या घरात अब्बांच्या रिकाम्या खाटेवर बसून, कीबोर्ड मांडीवर घेऊन तो ती ओळ पुन्हा पुन्हा वाचत होता. सकाळचे साडेदहा झाले होते, वरचा पत्रा तापायला लागला होता. तो आला होता अब्बांची शाल आणि डॉक्टरांनी मागितलेली जुन्या एक्स-रेंची पिशवी न्यायला. पाच मिनिटांचं काम. पिशवी खुंटीला होती, शाल उशाला होती. निघता निघता सवयीनं त्यानं कोपऱ्यातल्या मशीनकडं बघितलं, आणि केबलच्या खाचेशी जो हिरवा दिवा लुकलुकायला पाहिजे तो विझलेला दिसला. एवढंच. दुसरा कुणी म्हणाला असता, असंल काहीतरी, संध्याकाळी बघू. पण अश्फाकचं पोटच असल्या दिव्यांवर चालत होतं.

साताऱ्यात एका कंपनीतली एकशे चाळीस लिनक्स मशीनं त्याच्या हाताखाली होती. तिथं त्याला सगळे सर म्हणायचे आणि थोडे घाबरायचेही, कारण कामाच्या बाबतीत तो काटेकोर होता. नव्यानं आलेल्या पोरापोरींना तो पहिल्या दिवशी एकच गोष्ट सांगायचा: मशीन एकदा बंद करून परत चालू केल्याशिवाय काम झालं म्हणू नका. आत्ता चालू आहे ते एक असतं आणि फाईलीत लिहिलंय ते एक असतं. चालू असलेलं तुम्हाला दिसतं, लिहिलेलं लाईट गेल्यावरच दिसतं. हे सांगताना त्याला स्वतःचाच आवाज फार आवडायचा. पोरं वहीत उतरवून घ्यायची. आणि त्याच्या बापाच्या उशाशी ठेवलेल्या एकुलत्या एका मशीनमध्ये चार वर्षं ही ओळ बसून होती, पेरलेल्या काट्यासारखी. दिव्याखाली अंधार म्हणतात तो कसा असतो हे चाळीस वर्षं म्हण म्हणून ऐकलं होतं. आता तो अंधार त्याच्या मांडीवर होता.

मशीन म्हणजे तरी काय, साताऱ्याच्या कचेरीनं टाकून दिलेला एक जुना संगणक. अब्बांच्या, म्हणजे वजीरच्या छातीत तीस वर्षं यंत्रमागांच्या शेडमधला कापसाचा धुरळा गेलेला. दम लागला की त्यांना बोलता येत नसे, आणि मोबाईलच्या काचेवर त्यांची राठ बोटं चालत नसत. नाव एकाचं दाबायचे आणि फोन लागायचा भलत्याला. थोरली बहीण अर्फा त्यांच्याजवळ राहायची, पण ती दिवसा विश्रामबागेतल्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात कामाला. अकरा ते साडेपाच म्हातारा घरात एकटा. म्हणून अश्फाकनं भंगारातून एका मागाच्या स्टार्टरचं हिरवं बटण आणलं, लाडूएवढं, अंगठ्यानं काय कोपरानंही दाबता येईल असं. ते खाटेशेजारच्या भिंतीत बसवलं आणि त्याची वायर मशीनला जोडली. बटण दाबलं की मशीन नेटवर्कवरून निरोप पाठवणार आणि अश्फाकचा अन् अर्फाचा, दोघांचेही मोबाईल मोठ्यानं वाजणार. रोज सकाळी आठला मशीन एक साधा निरोपही पाठवायचं, सगळं ठीक. सातारच्या घरात चहा पिताना तो निरोप आला की अश्फाकला बापाशी बोलल्यासारखं वाटायचं, आणि त्यामुळं खरं बोलणं आठवड्यावर गेलं होतं.

पहिल्या आठवड्यात एक घोटाळा झाला. माधवनगरची लाईट गेली आणि आली की वायरीत झटका बसायचा, मशीनला वाटायचं बटण दाबलं, आणि साताऱ्यात अश्फाकच्या काळजाचं पाणी व्हायचं. असं तीनदा झालं. तिसऱ्या वेळी तो गाडी काढून कराडपर्यंत आला होता आणि अब्बा घरात निवांत डाळिंब सोलत बसले होते. तेव्हा त्यानं ही ओळ लिहिली. लाईट आल्यावर नेटवर्क आपोआप चालू व्हायलाच नको. आधी अर्फानं बघावं, अब्बा ठीक आहेत ना, मग त्यानं शिकवलेली कमांड द्यावी. त्या दिवशी त्यानं स्वतःच हातानं नेटवर्क चालू केलं, हिरवा दिवा लुकलुकला, आणि तो खूश झाला. पुढच्या खेपेला त्यानं इन्व्हर्टर बसवला. आता लाईट जाण्याचा प्रश्नच मिटला. मग ओळ बदलायची कशाला, आणि अर्फाला तरी ती कमांड कशाला लक्षात राहावी? चार वर्षं मशीन एकदाही बंद पडलं नाही. चार वर्षं ते त्यानं त्या दिवशी हातानं दिलेल्या एका कमांडवर जगत होतं, आणि फाईलीत नो तसाच. परवा मंगळवारी दुपारी बाराला लाईट गेली, आणि जुन्या झालेल्या इन्व्हर्टरची बॅटरी दहा मिनिटांत बसली. साडेबाराला लाईट आली. मशीन इमानदारीनं चालू झालं, त्यानं फाईल वाचली, तिथं नो होतं, म्हणून नेटवर्क बंद ठेवून ते माणसाची वाट बघत बसलं. मशीननं काही चूक केली नव्हती, हे अश्फाकला कळत होतं आणि तेच सोसवत नव्हतं.

इथवर त्याला नुसतं अपराधी वाटत होतं. निदान नेटवर्क बंद असून काही बिघडलं तर नाही, असं मनाचा एक कोपरा हळूच म्हणत होता, कारण अब्बांनी बटण दाबलंच नव्हतं. हे सगळ्यांना माहीत होतं. मंगळवारी साडेपाचला अर्फा घरी आली तेव्हा अब्बा खाटेखाली पडलेले होते, ओठ निळे, एक हात भिंतीकडं. हात बटणापर्यंत पोचायच्या आधीच कोसळले, किंवा दाबायचंच नाही म्हणून दाबलं नाही; म्हाताऱ्याचा हट्ट. दोन तास आधी आणलं असतं तर गोष्ट वेगळी होती, असं सांगलीतल्या त्या दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, आणि घरातल्यांनी एकमेकांकडं बघून माना हलवल्या. आता फक्त खात्री म्हणून, कामातली शिस्त म्हणून, अश्फाकनं मशीनचा लॉग, म्हणजे घडलेल्याची वेळेसकट नोंद, उघडला. मंगळवार. बारा बत्तीस, मशीन चालू. मग काही नाही, काही नाही. मग तीन वाजून सात मिनिटं: बटण दाबलं. त्याच्याखाली: निरोप गेला नाही, नेटवर्क इज अनरीचेबल. पुन्हा, बटण दाबलं. निरोप गेला नाही. पुन्हा. त्यानं पडदा खाली सरकवला. अजून होतं. अजून खाली सरकवला. त्याच्या तोंडून कसलासा आवाज निघाला, आणि तो आपलाच आहे हे त्याला ओळखता आलं नाही. त्यानं बोट लावून मोजलं, मधेच चुकला, पहिल्यापासून मोजलं. तेवीस. तीन सातपासून तीन एक्केचाळीसपर्यंत त्याच्या बापानं तेवीस वेळा बटण दाबलं होतं, आणि त्या वेळात साताऱ्यात अश्फाक एका बैठकीत बसून बिस्कीट खात होता. बिस्कीट नारळाचं होतं. ते त्याला आत्ता जिभेवर लागलं.

काल सकाळी दवाखान्यात त्याला आत सोडलं होतं. अब्बांच्या नाकातोंडावर मास्क, मास्कला आतून वाफ. जागरणानं, भीतीनं त्याचं डोकं फिरलेलं होतं, आणि भीतीचा राग व्हायला आपल्याकडच्या माणसांना वेळ लागत नाही. तो खाटेवर वाकून म्हणाला होता, "बटण का न्हाई दाबलं, अब्बा? आँ? कशाला बसवलंय ते भित्तीत, शोभेला?" मागून अर्फाही म्हणाली, "लय हट्टी हायत. मला म्हनत्यात, पोराला कामातनं कशाला उठवायचं." अब्बांनी आधी अश्फाककडं बघितलं. मग अर्फाकडं. मग पुन्हा अश्फाककडं, आणि या वेळी जरा जास्त वेळ, एखादा धागा कुठं तुटलाय हे बघावं तसं. मग त्यांनी डोळे मिटले, मान नाही म्हणून हलवली, सुई टोचलेला हात कसाबसा उचलला आणि तळवा स्वतःच्या छातीवर ठेवला. माझ्याकडनं राहिलं. अर्फा पदरानं डोळे पुसायला लागली आणि अश्फाक तरातरा बाहेर निघून गेला. त्या तळव्याकडं बघून त्याला काहीतरी आठवत होतं, पण ते काय हे त्यानं काल स्वतःला विचारलं नाही. छातीवर तो तळवा त्यानं आधी एकदाच बघितला होता. बावीस वर्षांपूर्वी, लालासाहेबांच्या शेडमध्ये.

लालासाहेबांची शेड म्हणजे आठ मागांची, इथून दोन गल्ल्या पलीकडं. अब्बा तिथं मागांची दुरुस्ती बघायचे. बिघडलेला माग त्यांच्या नुसत्या कानाला कळायचा. अश्फाक डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला, दुपारपासून चार माग चालवायचा. अर्फा भिंतीकडेला बसून मागाला लागणाऱ्या सुताच्या कांड्या भरायची. तिचं वडूजला ठरलं होतं, मुलगा शिक्षक होता, आणि ती कांड्या भरताना आपल्याशीच हसायची. मागांच्या खडखडाटात तोंडानं बोलायची सोय नसते, तिथं सगळं खुणेनं चालतं. अब्बा हातातला पाना मागाच्या लोखंडावर ठोकायचे. दोन ठोके म्हणजे हँडल उचल, चालू कर. तीन ठोके म्हणजे हँडल पाड आणि इकडं ये, काहीतरी बिघडलंय. आणि या सगळ्याच्या वरचा एक नियम होता, तो ठोकूनबिकून सांगायचा नव्हता, तो अंगातच पाहिजे होता: लाईट गेली की आधी सगळी हँडलं पाडायची. माग थांबलेला दिसतो, पण हँडल वर असलं तर तो थांबलेला नसतो, लाईटची वाट बघत असतो. लाईट आली की कुणाचा हात आत आहे नाही हे तो विचारत बसत नाही. "आपोआप चालू हुईल आसं काय बी सोडायचं न्हाई," अब्बा म्हणायचे, "लाईट आल्यावर मानसानं बघायचं, मग मानसानं उचलायचं." त्या दिवशी लाईट गेली. अश्फाकनं एक नंबर पाडला, दोन पाडला, तीन पाडला. उकाडा होता, दाराशी वारा होता, आणि दाराशीच त्याचं पुस्तक पडलं होतं, संगणकाच्या भाषेचं, ग्रंथालयातून आणलेलं, उद्या परत करायचं. तो दाराशी गेला. शेडमध्ये ती शांतता पसरली जी फक्त लाईट गेल्यावर पसरते, माणसं एकमेकांना ऐकू यायला लागतात आणि उगाच लाजतात. अर्फाची बोटं बारीक, म्हणून तुटलेले धागे जोडायला तिलाच बोलवायचे. ती चार नंबरवर वाकली होती. काहीतरी गुणगुणत होती. दिवे लागले, आणि एकच माग चालू झाला.

डाव्या हाताची दोन बोटं. कापली नाहीत, चेंगरली, आणि पुढं कधी वाकली नाहीत. अश्फाक पुस्तक हातात घेऊनच उभा होता. पान दुमडायचं राहिलं म्हणून त्यानं त्याही वेळी पान दुमडलं, हे त्याला बावीस वर्षं विसरता आलेलं नाही. लालासाहेब धावत आले, ओरडले, कुणी ठेवलं हँडल वर? शेडमधली सगळी माणसं जमली. अश्फाकचं तोंड उघडलं होतं. आवाज निघाला असता, एक क्षण मिळाला असता तर निघालाच असता, असं तो नंतर स्वतःला सांगत आला. पण अब्बांनी तळवा छातीवर ठेवला आणि म्हणाले, "माझ्याकडनं राह्यलं." झालं. चोर सोडून संन्याशाला फाशी. अब्बांचं ते काम सुटलं. वडूजच्या पाहुण्यांनी दोन महिन्यांनी निरोप धाडला की मुलाला इतक्यात करायचं नाही. अर्फा वर्षभर बापाशी बोलली नाही, त्यांच्या पुढ्यात ताट सरकवायची आणि तोंड फिरवायची. आणि अब्बा मान खाली घालून जेवायचे आणि भाजी छान झाली म्हणायचे, भिंतीला. अश्फाक समोर बसून जेवायचा. त्याच्या घशाखाली घास उतरायचा, हेच त्याला पुढं सगळ्यांत भयंकर वाटत आलं. आज ना उद्या सांगू, अर्फाचं दुखणं ओसरू दे, माझी परीक्षा होऊ दे, नोकरी लागू दे. तात्पुरतं आहे, नंतर बदलायचं. मग अर्फानं आपणहून बापाला माफ केलं, घर पुन्हा चालायला लागलं, आणि चालणाऱ्या घराला कोण हात लावतो? लिहिलेलं वेगळं होतं, ते एकट्याला माहीत होतं. नाही, दोघांना.

दारावर दोन ठोके पडले आणि अश्फाक दचकून उभा राहिला. कीबोर्ड खाली पडला. शेजारचा बिराप्पा होता, हातात चहाचा पेला. एकेकाळी त्याच शेडमध्ये पाच ते आठ नंबरचे माग तो चालवायचा. दार वाजवायचं म्हटलं तरी अजून दोनच ठोके देतो. "घे, गड्या, च्या घे. तोंड बघ कसं झालंय. कसं हायत वजीरभाई?" तसंच आहे, असं अश्फाक म्हणाला. आजचा दिवस बघू म्हणालेत. बिराप्पा उंबऱ्यावरच टेकला. "मानूस लय चांगला, पर हट्टी. एवढं तू बटण बसवून दिलंस, दाबायला काय हुतंय? आरं, मंगळवारी म्या दिसभर घरातच हुतो की. हितनं कोंबडं वरडलं तरी मला ऐकू येतंय. नुसती एक हाक घातली असती न्हवं..." पुढचं अश्फाकला ऐकू आलं नाही. दहा पावलं. दहा पावलांवर हा माणूस बसला होता, आणि म्हाताऱ्याची हाक त्यानं सव्वाशे किलोमीटरवरच्या साताऱ्याला नेऊन बांधली होती. पाच-पन्नास रुपयांची एक साधी घंटा बटणाला जोडली असती तर पुरलं असतं. पण साध्या घंटेत कसली आलीय हुशारी! "बिराप्पाकाका," तो म्हणाला, आणि थांबला. "काय रं?" "काय न्हाई. च्या लय ग्वाड झालाय." बिराप्पानं पेला घेतला आणि जाताना म्हणाला, "लाईट आली तवा येऊन बघाय पायजे हुतं म्या. आमची जुनी सवय ती. पर आता कोन बघतंय, सगळं आपोआपच चालतंय की."

तो गेला आणि अश्फाक पुन्हा पडद्यापुढं बसला. आता त्याला लॉगमधलं दुसरंच काहीतरी दिसायला लागलं, इतका वेळ नुसतं तेवीस तेवीस म्हणत बसल्यामुळं न दिसलेलं. वेळा सलग नव्हत्या. तीन सातला तीन वेळा, एकामागोमाग. मग चार-पाच मिनिटं काही नाही. तीन अकराला पुन्हा तीन. मग पुन्हा खंड, पुन्हा तीन. अब्बा घाबरून वाटेल तसं बटण दाबत नव्हते. ते ठोकत होते. तीन ठोके: पाड आणि इकडं ये. दिले की वाट बघायची, ऐकू गेलं नसंल असं समजून परत द्यायचे, तीस वर्षं खडखडाटात दिले तसे, न रागावता. असे सात वेळा तीन. आणि शेवटी, तीन एक्केचाळीसला, दोनच. तिसरा देण्याइतकं बळ उरलं नसावं. अश्फाकनं खाटेच्या कठड्यावर डोकं टेकलं आणि तो रडला, आवाज करून, पत्र्याच्या त्या घरात एकटा, बेचाळिशीला आलेला माणूस. रडताना त्याला लाज वाटली नाही. नंतर, थांबल्यावर वाटली, कारण रडूनसुद्धा आपल्याला बरं वाटलं हे त्याच्या लक्षात आलं.

मग तो विचार आला. तो येणारच होता. असला विचार दाराबाहेर चपला काढूनच बसलेला असतो. या घरात लिनक्स कुणाला कळतं? ओळ बदलली की बदलली. लॉगची फाईल एका कमांडनं पुसता येते. अब्बांनी काल तळवा छातीवर ठेवलाच आहे. ते सांगणार नाहीत, आणि आता कदाचित सांगूही शकणार नाहीत. अर्फाला ठाऊक आहे की म्हातारा हट्टी. बिराप्पाला ठाऊक आहे. दोन वर्षांनी सगळेजण हसून सांगतील, वजीरभाईंचा हट्ट काय विचारू नका. त्याची बोटं तोवर चाललीही होती. फाईल पुसायची कमांड पडद्यावर टाईप करून झाली होती, आणि एन्टर तेवढं राहिलं होतं. अश्फाक स्वतःच्या बोटांकडं बघत राहिला. दहाच्या दहा वाकत होती. त्यानं एकेक अक्षर मागं खोडलं. मग ती दुसरी फाईल उघडली, नो काढला, यस लिहिलं, आपली चार वर्षांपूर्वीची टीप खोडली, आणि मशीन बंद करून परत चालू केलं. आपल्याच नियमाप्रमाणं. पंखा घरघरला, पडदा काळा झाला, अक्षरं धावली. केबलच्या खाचेशी हिरवा दिवा आपणहून लुकलुकायला लागला. कुणी उचलावं लागलं नाही.

आता बटण दाबून बघायचं राहिलं. दाबलं की दोन मोबाईल वाजणार, त्याच्या खिशातला आणि दवाखान्यात अर्फाच्या पर्समधला. तिचा नंबर तेवढ्यापुरता काढून ठेवणं सोपं होतं, खरं तर तेच शहाणपणाचं. दवाखान्यात बसलेल्या बाईला रिकाम्या घरातून घंटा गेली तर ती घाबरेल. पण तो नंबर काढला तर आपण आयुष्यात कधीच बोलणार नाही, हे त्याला आता स्वच्छ दिसत होतं. आपणहून तिला फोन लावायची हिंमत त्याच्यात नव्हती. तिनं विचारलं तर खोटं बोलायचं नाही, एवढीच हिंमत कशीबशी गोळा होत होती. बटणाच्या हिरव्या प्लॅस्टिकवर अब्बांच्या अंगठ्यानं घासून एक पांढुरका डाग पडला होता. अश्फाकनं त्या डागावर अंगठा ठेवला. दाबलं. पुन्हा दाबलं. पुन्हा दाबलं.

खिशातला मोबाईल किंचाळला, आणि तो बंद करतोय तोवर अर्फाचा फोन आला. "अश्फाक! घरात कोन हाय? बटण वाजलं आत्ता, आरं, आपल्या घरातलं बटण—"

"मीच हाय, आपा. मीच दाबलं."

"काळीज हाललं की माजं! कशाला दाबलंस?"

"चालतंय का बघितलं." "आपा, मंगळवारी ते चालत न्हवतं. लाईट आल्यावर नेटवर्क चालूच झालं न्हाई. मीच तसं लिहून ठेवलं हुतं, चार वर्सामागं. अब्बांनी बटण दाबलं हुतं. तेवीस डाव दाबलं हुतं. हितं सगळं लिवलेलं हाय, वेळेसकट."

दवाखान्यातली एक ट्रॉली खडखडत गेली, कुणीतरी कुणालातरी पावती मागितली. "आनि एक हाय," तो म्हणाला. आता थांबलो तर संपलं, हे त्याला माहीत होतं. "लालासाहेबांच्या शेडातलं. चार नंबरचं हँडल. ते अब्बांकडनं न्हवतं राह्यलं. तो माग माजा हुता, आपा. मी तीन पाडली आनि दारात जाऊन बसलो."

फोन कट झाला की काय म्हणून त्यानं काचेकडं बघितलं. सेकंद चालू होते. मग तिचा आवाज आला, आणि तो रडवेला नव्हता, रागाचाही नव्हता. एखाद्या दाराची कडी आतून कुणीतरी काढावी आणि पलीकडं काय आहे ते अजून दिसू नये, तसा होता. "वरीसभर म्या त्यांस्नी पानी दिलं न्हाई हातानं," ती म्हणाली. "वरीसभर." मग म्हणाली, "माज्याशी नंतर बोल. मी तुज्याशी काय बोलनार हाय ते मला बी ठावं न्हाई. आत चाललीय मी. त्यांच्या कानाला फोन लावते. त्यांस्नी सांग."

चपलांचा आवाज झाला, एक दार उघडलं, आणि मग फोनमध्ये तो श्वास आला. मास्कमधला, ओला, ओढून घेतलेला. अश्फाकनं उभ्या आयुष्यात बापाचा श्वास इतक्या जवळून ऐकला नव्हता. "अब्बा," तो म्हणाला. "लॉग बघितला मी. तेवीस डाव. कळलं मला." श्वास चालू होता. काय काय बोलायचं होतं, माफी मागायची होती, पण तोंडात आलं ते शेडमधलंच. "अब्बा, तवा मी हँडल पाडायचं इसरलो. आनि ह्या बारीला उचलायचं इसरलो. आपाला सांगितलंय समदं. आता तुमी छातीवर हात ठिऊ नका."

श्वास एकदा अडखळला. अश्फाकनं डोळे मिटले. आणि मग फोनमध्ये, अगदी कानाशी, नखानं काहीतरी वाजलं. ठक. ठक. तो तिसऱ्याची वाट बघत खाटेच्या कडेला ताठ बसून राहिला, श्वास धरून. तिसरा आला नाही. बळ संपलं असंल, त्याला वाटलं, मंगळवारसारखं. पण थोड्या वेळानं, मधे वेळ सोडून, नीट, सावकाश, आले ते पुन्हा दोनच. हँडल उचल, चालू कर.